परीक्षेपुरती आग

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि नुसती गंमत बघायला थांबलेल्यांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेल्या उन्हाळ्यात माझ्या हद्दीतली एकही टेकडी वेळेवर पेटली नाही. या आपत्तीची कुठल्याही वर्तमानपत्राने दखल घेतली नाही. कुणी मदतनिधी उभारला नाही. साधं भेटायलासुद्धा कुणी आलं नाही.

मी वनपाल आहे. आता तुम्ही विचारणार, परभणी जिल्ह्यात वन कुठाय? सगळेच विचारतात. माझ्या सख्ख्या मेहुण्याने हा प्रश्न माझ्याच लग्नाच्या मांडवात, माइक चालू असताना विचारला होता. तर येलदरीच्या धरणाकडे या. पाण्याच्या मागे टेकड्या आहेत, टेकड्यांवर खुरटा साग आहे, पळस आहे आणि बाकी जिकडे नजर जाईल तिकडे कंबरेएवढं गवत आहे. शिमगा झाला की ते गवत असं वाळतं की जवळून जाताना खोकायचीही भीती वाटावी. विडीचं थोटूक, मधाचं पोळं काढणाऱ्याचा टेंभा, बांध जाळताना उडालेली एक ठिणगी, काहीही पुरतं. मग वणवा. आणि वणवा लागला की मी, माझे वनरक्षक, हंगामी मजूर आणि पाठीवर अडकवायची, वाऱ्याने आग मागे ढकलणारी दोन यंत्रं, त्यातलं एक कायम दुरुस्तीला गेलेलं. हे मी कित्येक वर्षं करत आलो होतो.

मग वरून फर्मान आलं. इथून पुढे वणवा विझवणाऱ्या पथकाचा प्रमुख हा रीतसर ‘पात्र’ ठरलेला असला पाहिजे. कल्पना चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर हा माणूस परीक्षेला भ्याला, असा तुमचा समज व्हायचा. वाऱ्याच्या तोंडावर माणसं उभी करून स्वतः जीपमध्ये बसणारे प्रमुख मी पाहिलेले आहेत. त्यांना कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. अटी तीन होत्या. वर्गातलं शिक्षण. पाठीवर वजन घेऊन चालणं. आणि तिसरी, खरोखरच्या वणव्यावर पथकाचं नेतृत्व, परीक्षकाच्या डोळ्यांदेखत. हे सगळं पुढच्या पावसाच्या आत. न जमल्यास पथक दुसऱ्याच्या ताब्यात आणि आमची रवानगी जिल्ह्याबाहेरच्या लाकूड आगारात, ओंडके मोजायला.

ओंडक्यांशी माझं वैर नाही. पण माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्नापासून ती पाथरीच्या बाजूला आणि मी इकडे. शनिवारी एसटी पकडायची, सोमवारी पहाटे परतायचं, असा आमचा संसार बसथांब्यावरच पिकला. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा कुठे तिची बदली धरणाजवळच्या गावात झाली आणि आम्ही एका घरात राहायला लागलो. आता मी आगारात गेलो असतो तर तिला पुन्हा बदली मागायला तोंडच नव्हतं. तेव्हा मला पात्र व्हायचं होतं. खात्यासाठी नाही, जंगलासाठी नाही, संध्याकाळच्या चहासाठी.

पहिली अट मी हसत पार केली. शिकवायला आलेले गृहस्थ विद्वान होते, पण त्यांची सगळी चित्रं पहाडातल्या देवदार-चीडच्या जंगलांची. हेलिकॉप्टरला खालून इशारे कसे करायचे, हे आम्ही हात पसरून, गिरक्या घेऊन शिकलो. आमच्या टेकडीवर आजवर आभाळातून टिटवीपेक्षा मोठं काही उतरलेलं नाही. मी तसं विचारलं. ते म्हणाले, “निकष सगळ्यांना सारखे आहेत.” मी पुन्हा गिरकी घेतली. कामाचंही शिकवलं त्यांनी, खोटं का बोला. माणसांची पळवाट आधी ठरवायची, मग आगीकडे तोंड करायचं. आगीच्या तोंडासमोर जायचं नाही, शेपटीकडून शिरायचं. हे मला येत होतं, पण मी का करतो ते त्या दिवशी कळलं.

दुसरी अट परभणीत. वजनाच्या खास पिशव्या आल्या नव्हत्या, म्हणून पाठीवर ज्वारीची गोणी बांधली आणि कृषी विद्यापीठाच्या बाजूच्या रस्त्यावर आम्हाला सोडलं. पळायचं नाही, फक्त झपझप चालायचं. मी घामाघूम होऊन चाललोय, तर एक ऑटोवाला माझ्या चालीने ऑटो चालवत बाजूला आला.

“बसा की काका. एवढं वझं घेऊन कुठं पायी जायलाव?”

“चालायची परीक्षा आहे.”

तो विचारात पडला. बराच वेळ माझ्याबरोबर येत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. “मंग वझं ठिवा की ऑटोत, तुमी चाला!”

माझ्या मागे चालणारा उमेदवार हसून हसून खाली बसला आणि नापास झाला. मी पास झालो. इथवरचा खेळ माझ्या हातात होता. तिसऱ्या अटीपासून तो गवताच्या हातात गेला.

आमचे परीक्षक म्हणजे भला माणूस. वयाने माझ्याहून लहान, शब्दाला पक्के, सगळ्यांशी ‘अहो-जाहो’ करणारे. ते परभणीत बसायचे आणि त्यांच्याकडे आजूबाजूचेही तालुके होते. ते म्हणाले, “धूर दिसला की मला फोन करा, मी निघालोच. फक्त एवढंच की मला तुम्हाला काम करताना बघता आलं पाहिजे. दुसऱ्याचं ऐकून मला सही करता येत नाही.”

“आपण जाळरेषा जाळतो ना दरवर्षी,” मी म्हणालो. आग पुढे सरकू नये म्हणून हंगामाआधी गवताचा पट्टा आम्हीच जाळून मोकळा करतो, त्याला जाळरेषा म्हणतात. “ती बघा की. त्यातही पथक असतं, आग असते, मी असतो.”

“ती ठरवून लावलेली आग झाली. निकषात न ठरवलेली आग पाहिजे.”

न ठरवलेली आग ठरवून आणायची कशी, हे निकषात नव्हतं.

मार्चमध्ये पहिला धूर दिसला. मी परीक्षकांना फोन केला, मोटारसायकलला किक मारली आणि टेकडीखालच्या गावात पोचलो. पोचलो तर गावातली अर्धी माणसं पळसाखाली बसून काकड्या खात होती आणि टेकडीवर एक काळा डाग होता, बस. झालं होतं असं की, पूर्वी मीच या गावाला सवय लावली होती. धूर दिसला की देवळाच्या भोंग्यावरून ओरडायचं, प्रत्येकाने लिंबाचा ओला डहाळा घ्यायचा आणि झोडपत सुटायचं. किती सभा घेतल्या त्यासाठी! कुणी येत नव्हतं तेव्हा घरोघर फिरलो होतो. आता गाव इतकं तरबेज झालं होतं की आगीला अंग पसरायला सवड मिळत नव्हती.

गावच्या सरपंचबाई पुढे आल्या. ठेंगणी, दणकट, पदर खोचलेली बाई. घरची शेती सांभाळून गाव चालवतात आणि दोन्हीकडे सारख्याच ओरडतात. त्या अभिमानाने म्हणाल्या, “बघा सायेब, तुमी यायच्या आत इझिवली!”

मी शाबासकी दिली. परीक्षकांची जीप आली, त्यांनी बुटाच्या टोकाने राख उकरली आणि म्हणाले, “फार छान काम झालंय. पण तुमच्या नेतृत्वाखाली नाही ना झालेलं.”

एप्रिलमध्ये तर नियतीने माझी जाहीर चेष्टा केली. परीक्षक दुसऱ्याच कामासाठी धरणावर आले होते. आम्ही दोघं पाण्याकाठी चहा घेत होतो. समोर, पाण्यापलीकडच्या टेकडीवर धूर उठला. बघता बघता ज्वाळा. काय ती आग! वर्गात दाखवायला ठेवावी अशी, तोंड स्पष्ट, शेपटी स्पष्ट, वारा एकाच दिशेने. परीक्षक शेजारी, मी तयार, फक्त मधे पाणी आणि पाण्यापलीकडे दुसरा जिल्हा. मी तिकडच्या वनपालाला फोन लावला, पथक घेऊन येऊ का म्हणून.

तो घाईत होता. “नका येऊ राव! आमच्याकडचे दोघं जण ह्याच आगीवर पास व्हायलेत. खामखा गर्दी करू नका.”

मी फोन खिशात ठेवला. परीक्षकांनी माझ्याकडे न बघता चहा संपवला. माणूस भला, म्हणून तर जास्त राग येत होता. वाईट माणसाला निदान मनातल्या मनात शिव्या देता येतात.

घरी बायको म्हणाली, “अहो, देवाला सांगून बघू का? एखादी बरीशी लागू दे म्हणावं. छोटीच. कुणाचं नुकसान नको.”

“वनपालाची बायको आहेस तू.”

“म्हणून तर सांगायलेय. दुसऱ्या कुणाच्या बायकोचं कोण ऐकणार?”

ती थट्टा करत होती. पण रात्री जेवताना तिने आगाराकडच्या खोलीचा विषय काढला, एकट्या माणसाला तिकडे भाड्याने मिळते का म्हणून, आणि लगेच भाजीत मीठ कमी आहे का ते विचारलं. मी भाजी छान झाली म्हणालो.

मे महिना लागला. माझ्या अडचणीची बातमी गावात पोचली होती. एके दिवशी सरपंचबाईंनी मला ओट्यावर बसवलं, ताक दिलं आणि आवाज एवढा खाली आणला की फक्त शेजारच्या दोन गल्ल्यांना ऐकू जावा.

“सायेब, एवढंच हाय ना? मंग लावू की एक काडी. आपल्याच माळाला. तुमी या, इझवा, पास व्हा.”

मी ताक सांडलं. “सरपंचबाई, भलतंसलतं बोलू नका! माझ्यासाठी कुणी काडी लावली असं कळलं ना, तर मी जन्मभरासाठी बाद. नोकरीचंही खरं नाही. आणि वणव्यात माणसं मरतात, माहीत आहे ना?”

“बरं बरं, काडी न्हाई लावणार. गळ्याची आण.” त्यांनी खरोखर गळ्याला चिमटा घेतला. “पन आपला मानूस असा जायलाय हे काय बरं वाटतंय का?”

मी निर्धास्त झालो. हाच तो मूर्खपणा.

मृग तोंडावर आला होता. ढग जमून जात होते. शाळेला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी बायकोला मोटारसायकलवर घेऊन मी लांबच्या एका टेकडीवर रोपवाटिका दाखवायला गेलो होतो. तिकडे फोनला रेंज नाही. दुपार कलताना खाली उतरलो आणि फोन नुसता थरथरायला लागला. सरपंचबाई.

“कुठं हाव सायेब? फोन लावू लावू बेजार झाले! या बिगीनं. आग हाय. आन आमी काडी न्हाई लावली हां. आपसूक लागलीय.”

मी परीक्षकांना फोन केला. ते नशिबाने जिंतूरमध्ये होते, लगेच निघाले. बायको मागे बसली होती, तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखलं. वाटेत दोघंही बोललो नाही. उगाच बोलून नजर लावायची कशाला!

माळावर पोचलो आणि मला दिसलं ते मी कुठल्याही वर्गात शिकलो नव्हतो. कोरड्या ओढ्याच्या काठी गवताचा एक तुकडा जळत होता. त्याच्या भोवताली गावाने जमीन खरवडून गोल रिंगण केलं होतं, अगदी मी शिकवलं होतं तसं. रिंगणाबाहेर माणसं डहाळे घेऊन बसली होती. कुणी तंबाखू मळत होतं. घागरी भरून ठेवल्या होत्या. सरपंचबाई दगडावर बसून लक्ष ठेवत होत्या, आणि आग जरा मंदावली की एक जण उठून पळसाचा वाळका पाला मूठभर आत टाकत होता. पाहुण्याला जेवू घालावं तसा.

“कधी लागली?” मी ओरडलो.

“सकाळीच.”

“मग विझवली का नाही?”

सरपंचबाईंनी मी वेडा झालो की काय अशा नजरेने पाहिलं. “तुमच्यासाठी!”

“विझवा! आत्ताच्या आत्ता!”

कुणी हललं नाही. “परीक्षक सायेब?” सरपंचबाईंनी विचारलं. “निघालेत.” “मंग येऊ द्या की! एवढा येळ धरलीय, अजून घटकाभर काय होतंय?” मी एकाच्या हातातला डहाळा हिसकावला आणि आगीवर धावलो, तर एका म्हाताऱ्याने माझा हात धरला. “आसं काय करायलाव सायेब, आपली हाय ती!”

आणि मी थांबलो. खरं सांगायचं तर हात धरल्यामुळे नाही. रिंगण चांगलं होतं, वारा पडलेला होता, परीक्षक वाटेत होते. अशी आग मला पुन्हा मिळणार नव्हती. मी त्या ज्वाळांकडे बघत उभा राहिलो आणि मला त्यांत आमचं घर दिसत होतं, ओटा, दोन कप. ओढ्यापलीकडे कडब्याच्या गंजी होत्या, त्याही मला दिसत होत्या. त्यांच्या मागे गोठे.

बायको पुढे आली. तिने पदर खोचला, जमिनीवरचा एक डहाळा उचलला.

“अहो, बघत काय उभे राहिलात? विझवा ती.” तिचा आवाज वर्गात येतो तसा होता. “गेलात आगारात तर शनिवारी येत जा. येत होतातच की.”

मी डहाळा उचलला, पण आमचं हे संभाषण वाऱ्याला फार लांबलेलं वाटलं असावं. मेच्या उन्हात आमच्या माळावर वावटळी उठतात, मातीचे खांब गरगरत येतात. तशी एक ओढ्यातून वर आली, सरळ रिंगणात शिरली, पेटतं गवत उचललं आणि रिंगणाबाहेर, गंजींच्या बाजूला फेकलं. एका क्षणात एका आगीच्या तीन झाल्या. तंबाखू मळणारे उठून पळायला लागले, तेही नेमके आगीच्या पुढे.

पुढचं मला सलग आठवत नाही, पण माझा आवाज आठवतो, कारण नंतर चार दिवस तो बसला होता. आधी बायाबापड्यांना ओढ्यातून खालच्या रस्त्याकडे काढलं, पळवाट तीच. एकाला गोठ्यातली जनावरं सोडायला पाठवलं. तरण्यांची दोन टोळकी केली आणि दोन्ही बाजूंनी, आगीच्या शेपटीकडून शिरलो, कडांनी झोडपत पुढे सरकलो. गंजीजवळच्या नांगरटीवर चार जण घागरी घेऊन उभे केले, उडून येईल ती ठिणगी त्यांची. “समोर जाऊ नका! कडेने! कडेने!” बायको नांगरटीवर होती. सरपंचबाई कुठल्या टोळक्यात होत्या ते ठाऊक नाही. त्यांचा आवाज सगळीकडून येत होता.

मधेच कधीतरी मला ओढ्याच्या काठावर पांढरी जीप दिसली आणि वाऱ्याच्या पाठीला एका खडकावर उभे असलेले परीक्षक. ते मदतीला आले नाहीत. निकषात बसत नव्हतं. ते बघत होते.

शेवटची ज्वाळा नांगरटीच्या अलीकडे मेली. एक गंजी थोडी काळवंडली, बाकी काही नाही. कुणाला भाजलं नाही. मी माणसं मोजली, पुन्हा मोजली, राखेवर फिरून धुमसणारी मुळं उकरून पाणी टाकायला लावलं. मग खाली बसलो. बायकोच्या तोंडाला काजळी लागली होती. ती माझ्याकडे बघून हसली, मी हसलो.

परीक्षक उतरून आले. त्यांनी जळालेल्या जागेच्या कडेने चक्कर मारली, रिंगणाजवळ जरा रेंगाळले, मग माझ्यासमोर उभे राहिले.

“मी बरंच बघितलं,” ते म्हणाले. “माणसं आधी बाहेर काढलीत. तोंडाशी गेला नाहीत. नांगरटीचा उपयोग केलात. खरं सांगू? आजवर बघितलेल्यांत हे सगळ्यात चांगलं होतं.” त्यांनी खिशातून पेन काढलं. सरपंचबाई आणि सगळं गाव भोवती गोळा झालं होतं. बायकोने माझी बाही धरली. परीक्षकांनी लिहायला सुरुवात केली आणि मान वर न करता, सहज विचारलं, “आग लागली किती वाजता?”

मी तोंड उघडलं. मी खोटं बोलणार नव्हतो, खरं कसं बोलायचं तेही सुचत नव्हतं. नुसतं “आज…” एवढंच निघालं. तेवढ्यात माझी अडचण पाहून सरपंचबाई, पोरगं पास होताना आईच्या तोंडावर येतो तशा आनंदाने, पुढे सरसावल्या.

“न्याहारीच्या टायमाला लागली सायेब, लिवा! तवापासून पाला टाकू टाकू जपलीय आमी, तुमी येईपस्तोर इझू म्हनून दिली न्हाई!”